फेब्रुवारीचं पान

मी मिशिगनमधल्या ट्रॉयला आले तेव्हा माझी मुलगी अकरा आठवड्यांची होती आणि मला गाडी चालवता येत नव्हती. नवरा गाड्यांच्या कंपनीत. महिन्यातले दहा-बारा दिवस तो ओहायोतल्या नाहीतर केंटकीतल्या कारखान्यात. अशाच एका आठवड्यात मला सणसणून ताप भरला. बाळाला उचलताना हात थरथरायला लागले तशी मी घाबरले. तिला दुलईत गुंडाळलं, घरातल्या सपाता पायात तशाच ठेवून बर्फातून गेले आणि शेजारचं दार वाजवलं. तोपर्यंत त्या घरातल्या बाईंशी माझं बोलणं हात हलवण्यापलीकडे गेलेलं नव्हतं.

त्या तेव्हा पंचावन्नच्या असतील. नर्सची नोकरी सोडलेली, नवरा दोन वर्षांपूर्वी वारलेला, मुलगा टेक्ससला. त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. बाळ घेतलं, मला सोफ्यावर आडवं केलं, कपाळावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "झोप. मी आहे."

मला जाग आली तेव्हा दुपार होऊन गेली होती. दारालगतच्या अरुंद बोळात त्या बाळाला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होत्या. भिंतीवर एक लहानशी फ्रेम होती. तिच्यासमोर आल्या की थांबायच्या, ओठातल्या ओठात काहीतरी म्हणायच्या आणि पुन्हा चालायला लागायच्या. बाळ शांत झोपलेलं होतं.

त्या वसंतात मला एका रंगांच्या लॅबमध्ये नोकरी लागली. माझं शिक्षण नागपूरला केमिकल टेक्नॉलॉजीचं, आणि इथे गाड्यांना लागणारे रंग तपासायला माणूस हवा होता. पण बाळाला कुठे ठेवायचं? मी विचारण्याआधी त्यांनीच सांगितलं, "सकाळी साडेसातला आणून सोड." मुलगी शाळेत जाईपर्यंत हे चाललं. मी आधी त्यांना 'मिसेस' लावून आडनावाने हाक मारायची. मुलगी बोलायला लागली तेव्हा मी तिला 'मावशी' म्हणायला शिकवलं, आणि मग आम्ही सगळेच त्यांना मावशी म्हणायला लागलो. त्यांच्या चर्चमधल्या मैत्रिणींना वाटायचं, हे काहीतरी भारतीय पदवीचं नाव आहे.

त्या फ्रेममध्ये वहीच्या अर्ध्या पानाएवढं एक जुनं पान होतं. जाडसर, साईच्या रंगाचं. वर कोपऱ्यात एक चित्र: म्हातारा माणूस तिपाईवर बसलाय, जोडे काढून पाय शेकोटीकडे केलेत, विस्तवावर हंडी टांगलेली. खाली बारीक काळ्या अक्षरांच्या ओळी, मधली काही नावं लाल, काही निळी, दोन-तीन सोन्याची. मावशी मला म्हणाल्या होत्या, "हा सेंट जोसेफ. बाळ येशूला थंडी वाजू नये म्हणून खोली गरम करतोय. माझ्या आईच्या लग्नात तिच्या कारखान्यातल्या मैत्रिणींनी दिलं. तेव्हा डेट्रॉईटमधल्या मोठ्या दुकानात अशी सुटी पानं मिळायची, टेबललॅम्प आणि फुलदाण्यांच्या शेजारी." अक्षरं लॅटिन की फ्रेंच, त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांच्या आईने रोज सकाळी त्याच्यासमोर प्रार्थना केली आणि आईनंतर त्यांनी.

मी मात्र त्या पानाकडे बघायची ती निळ्या रंगासाठी. पाच वर्षं ऊन खाऊनही फिका न पडणारा निळा बनवताना आमच्या लॅबची दमछाक व्हायची, आणि इथे कुणी शेकडो वर्षांपूर्वी हाताने घोटलेला निळा तसाच्या तसा होता.

वर्षं गेली. मुलगी शिकली, पश्चिम किनाऱ्यावर रेडमंडला नोकरीला गेली. मी आणि नवरा निवृत्त झालो. मावशींची दृष्टी अधू झाली. डोळ्यांच्या मधोमध एक डाग, त्यामुळे समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही, कडेकडेचं तेवढं दिसतं. तरीही त्या एकट्या राहत होत्या. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत त्या पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर त्यांना व्यायाम करून घेणाऱ्या केंद्रात हलवलं. घराची किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली. "रोज एक चक्कर मार," म्हणाल्या. "थंडी वाईट पडणार आहे म्हणतात. नळाकडे लक्ष ठेव."

"रोज जाईन," मी म्हटलं.

आठवडाभर गेलेही. मग आमच्या मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. तिळगूळ मी करणार होते, वाणाच्या पिशव्या माझ्याकडेच भरायच्या होत्या. बाहेर उणे वीस. पहिल्या दिवशी म्हटलं, उद्या जाऊ. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तर आठवणही झाली नाही. चौथ्या दिवशी सकाळी गेले तर दार उघडताच पायाखाली पाणी. स्वयंपाकघराच्या भिंतीतला पाइप गोठून फुटला होता. बोळातल्या भिंतीवरून पाण्याचे ओघळ आले होते आणि फ्रेमच्या काचेच्या आतून पान फुगून वर आलं होतं.

मी पहिल्यांदा मुख्य नळ बंद केला. मग फ्रेम उतरवली आणि ती छातीशी धरून तिथेच उभी राहिले. मला रडू येईना, काही सुचेना. मी परतले नाही म्हणून नवरा बघायला आला. "हेअर ड्रायर आणू का?" त्याने विचारलं.

"अजिबात नको!" मी ओरडले. एवढं मला कळत होतं. पान कागदाचं नव्हतं, वासराच्या नाहीतर बकरीच्या कातड्याचं होतं. माझे मामा तबला वाजवायचे. दमट हवेत तबल्याची कातड्याची पुडी कशी सैल पडते आणि घाईने शेक दिला तर कशी तडकते, हे मी लहानपणी पाहिलं होतं. आणि रंग तर साध्या डिंकात कालवलेला. पाणी लागलं की सुटणार, उष्णता लागली की पोपडे धरणार.

तासाभराच्या अंतरावरच्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुनी पुस्तकं दुरुस्त करायचा विभाग आहे, हे मला ठाऊक होतं. फोन लावला. पलीकडे एक तरुण बाई होती. तिने शांतपणे सांगितलं, "फ्रेम उघडू नका. आडवी ठेवा, चित्र वर. गाडीत हीटर कमी ठेवा आणि आत्ताच निघा." नवऱ्याने गाडी चालवली. मी मांडीवर उशी आणि उशीवर फ्रेम घेऊन बसले. अंगात कोट, तरी दात वाजत होते.

फ्रेम तिनेच उघडली. काच उचलताना ती श्वास रोखून होती, मीही. काच आणि पान यांच्यामध्ये पुठ्ठ्याची चौकट होती म्हणून चित्र वाचलं. म्हातारा, शेकोटी, हंडी, सगळं जागच्या जागी. पण खालचा भाग फुगून काचेला चिकटला होता. काच निघाली तेव्हा दोन निळी नावं काचेवर राहिली. पानावर त्यांची फक्त राखाडी सावली उरली.

"दोनच गेली," ती म्हणाली. "तुम्ही हवेचा झोत मारला असतात तर सगळंच गेलं असतं."

ती मला धीर देत होती. मला मात्र ती दोन नावंच दिसत होती.

मग तिने मला त्या पानाबद्दल सांगितलं. पाच-सहाशे वर्षांपूर्वी युरोपात साध्या संसारी माणसांनी घरी म्हणायच्या प्रार्थनांची एक लहान पोथी असायची. मठातले साधू दिवसातून आठ वेळा प्रार्थनेला बसत, त्याचीच ही घरगुती, आटोपशीर आवृत्ती. आठ ऐकल्यावर माझ्या तोंडून 'अष्टौप्रहर' निघून गेलं आणि मला तिला प्रहर म्हणजे काय ते समजावावं लागलं. ऐपतीप्रमाणे कुणाच्या पोथीत सोनं जास्त, कुणाच्या कमी. बायका ती कमरेच्या थैलीत घालून हिंडायच्या. पुढे कधीतरी व्यापाऱ्यांनी अशा पोथ्या उसवून एकेक पान विकलं. आणि पोथीच्या सुरुवातीला, आपल्या पंचांगासारखी, बारा महिन्यांची पानं असायची. कोणत्या दिवशी कोणत्या संताचा सण.

"हे त्यातलं फेब्रुवारीचं पान," ती म्हणाली. "थंडीचा महिना, म्हणून शेकोटीपाशी बसलेला शेतकरी. हे चित्र फेब्रुवारीला नेहमीचंच."

"म्हणजे हा सेंट जोसेफ नाही?"

"नाही. आणि ही प्रार्थनाही नाही. हे कॅलेंडर आहे."

तिने पान हलकेच उलटलं. मागची बाजू इतक्या वर्षांत कुणी पाहिलीच नव्हती. उजेड न लागल्याने तिथलं सोनं कालच लावल्यासारखं चमकत होतं. मिठाईवरच्या वर्खासारखं. तिथे महिन्याचे उरलेले दिवस होते, आणि एका ओळीसमोर, समासात, वेगळ्या हाताची, तपकिरी शाईतली गिचमिड. तिने भिंग लावून बराच वेळ वाचलं. "फ्रेंच आहे. 'या दिवशी, मंगळवारी, उजाडायच्या आधी माझी मुलगी झाली...' पुढे तिचं नाव असावं, पण ते पुसलं गेलंय. बोट फिरवून फिरवून झिजलंय. आणि मग, 'दोघीही बऱ्या आहेत.'"

बाळबाळंतीण सुखरूप. माझ्या वडिलांनी माझ्या जन्माच्या वर्षीच्या पंचांगात, तिथीच्या शेजारी पेन्सिलीने लिहिलं होतं: पहाटे चार दहा. मुलगी. हिची तब्येत ठीक. मी तिथे त्या परक्या बाईसमोर, लॅबच्या उंच स्टुलावर बसून, सकाळपासून न आलेलं सगळं रडले.

मावशींना सांगायला मात्र चार दिवस लावले. केंद्रात त्या खिडकीशी खुर्चीवर बसल्या होत्या. माझा चेहरा दिसावा म्हणून त्या मान किंचित तिरकी करून बघायच्या.

"पाइप फुटला," मी म्हटलं. "जमीन, भिंत, सगळं दुरुस्त होईल, तुमच्या मुलाशी बोलणं झालंय. पण तुमचं पान भिजलं. आणि मावशी, मी तीन दिवस गेलेच नव्हते. रोज गेले असते तर पहिल्याच दिवशी कळलं असतं."

त्यांनी तिरकी मान सरळ केली. मग विचारलं, "तीन दिवस कुठे होतीस?"

"हळदीकुंकवाची तयारी करत होते."

"बरं," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "आता तू घरी जा. मला दमायला झालंय."

तेवढ्या वर्षांत त्यांनी मला 'जा' असं कधी म्हटलं नव्हतं. मी गाडीत येऊन बसले.

दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला. "राग आला होता," त्या म्हणाल्या. "आईची तेवढी एकच वस्तू माझ्याकडे होती. आता उतरलाय. ये आणि काय झालं ते नीट सांग. आणि हो, ते तिळाचे लाडू उरले असतील तर घेऊन ये."

मी लाडू घेऊन गेले आणि सगळं सांगितलं. काचेवर राहिलेली दोन नावं, मागचं सोनं, मुलीच्या जन्माची ओळ. शेवटी चाचरत म्हटलं, "मावशी, तो जोसेफ नाहीये. कुणी शेतकरी आहे. ते पान कॅलेंडरचं आहे, फेब्रुवारीचं."

त्यांनी हातातला लाडू खाली ठेवला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या. हसता हसता खुब्याला हात लावून कळवळल्या आणि पुन्हा हसल्या. "म्हणजे आधी माझी आई आणि मग मी, आम्ही एका शेतकऱ्याच्या अनवाणी पायांकडे बघून प्रार्थना केली!"

"चूक झाली असं वाटतं का तुम्हाला?"

"छे! निरोप पोचत होते की. तुझी पोरगी बघ."

पान दुरुस्त व्हायला सहा आठवडे लागले. मी दर गुरुवारी जायची. ती तज्ज्ञ बाई पान दमट पेटीत ठेवून आधी सैल करायची, मग कडांना बारीक चिमटे लावून ताणायची. एका दिवसात केसभर. मला ती रंगांबद्दल विचारायची. शेकोटीच्या ज्वाळेतल्या पिवळ्याचा नमुना यंत्राखाली बघून तिने त्यात आर्सेनिक असल्याचं सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, "हा तर हरताळ! आमच्याकडे पोथी लिहिताना चूक झाली की त्या अक्षरांवर हाच फासायचे." तिला ते इतकं आवडलं की तिने वहीत लिहून घेतलं. गेलेली दोन नावं ती पुन्हा रंगवणार नव्हती. "जे झालं ते पानावर दिसू द्यावं, असा आमचा नियम आहे," ती म्हणाली. मला तो नियम जड गेला, पण पटला.

त्याच गुरुवारांत एकदा तिने कपाटातून दोन पानं काढून माझ्यासमोर ठेवली. तेवढाच आकार, तोच हात, तोच निळा. एकावर गवत कापणारी माणसं, दुसऱ्यावर पेरणी करणारा. "बरीच वर्षं आमच्याकडे आहेत," ती म्हणाली. "जून आणि ऑक्टोबर. आमच्या मते एकाच पोथीतली."

मी मावशींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी ताबडतोब ठरवून टाकलं. त्या आता मुलाकडे टेक्ससला राहायला जाणार होत्या. "तिथल्या उन्हात ते पान मी कुठे लावू? आणि मला ते दिसतही नाही. जिथे त्याचे दोन महिने आहेत तिथे राहू दे."

"अहो, पण तुमच्या आईची आठवण..."

"मग आईच्याच नावाने देऊ. तिचं नाव ग्रंथालयात लागलेलं तिला बघायला मिळायला हवं होतं. आयुष्यभर कारखान्यात खोकी भरली तिने."

पान द्यायच्या दिवशी मुलगी रेडमंडहून विमानाने आली. सकाळी चहा पिताना मी पुन्हा त्या तीन दिवसांबद्दल बोलायला लागले, तर तिने मला अडवलं. "आई, इनफ सॉरी झालं. जानेवारीपासून तेच ऐकतेय. तू मावशीला थँक यू म्हटलंस का कधी?"

"रोज म्हणते."

"ते नाही. खरं थँक यू."

मी कप विसळायला उठले. खरं तर आपल्या माणसाचे आभार मानायचे नसतात, असंच मी शिकत आले. आईला, बहिणीला कोण थँक यू म्हणतं? आणि इथली सवय अशी की दार धरलं तरी थँक यू, मीठ दिलं तरी थँक यू. या दोन्हींच्या मध्ये खरं म्हणायचं ते राहून गेलं होतं.

ग्रंथालयाच्या वाचन-खोलीत मावशींची चाकाची खुर्ची टेबलाशी लावली. तज्ज्ञ बाईने मऊ गादीवर तीन पानं ओळीने ठेवली: फेब्रुवारी, जून, ऑक्टोबर. मावशींनी मान तिरकी करून पाहायचा प्रयत्न केला. "हात लावू का?" त्यांनी विचारलं.

"हात धुऊन, कोरडे करून. सावकाश."

माझ्या मुलीने त्यांना बेसिनपाशी नेलं, त्यांचे हात धुतले, एकेक बोट पुसलं. मग त्यांचं बोट हातात धरून मागच्या बाजूच्या सोन्याच्या अक्षरावर टेकवलं. सोन्याखाली चुन्यासारखा लेप असतो, त्यामुळे ते अक्षर किंचित वर आलेलं असतं. "हे लागतं बोटाला," मावशी हळूच म्हणाल्या. "काचेमुळे मला कधी कळलंच नाही." मुलीने त्यांना समासातली ओळ कुठे आहे ते दाखवलं आणि तिचा अर्थ वाचून दाखवला. मावशींनी ती ओळ पुन्हा वाचायला सांगितली. मग आणखी एकदा.

परतताना मुलगी मागच्या सीटवर झोपून गेली. मावशी माझ्या शेजारी. अर्धा रस्ता झाल्यावर एका सिग्नलला मी म्हटलं, "मावशी, तुम्ही नसतात तर मी घरीच बसले असते. ती नोकरी, ते काम, तिथली माणसं, काहीच झालं नसतं. पोरगीही अशी झाली नसती. मी हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. थँक यू."

त्यांनी माझ्या दिशेने हात पुढे केला. कोटाची बाही सापडली ती धरून ठेवली. "मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "पण ऐकायला बरं वाटलं. आता चल, मागचा हॉर्न वाजवतोय."

त्या जूनमध्ये टेक्ससला गेल्या. शेजारच्या घरात आता एक तरुण जोडपं राहतं. मी दर गुरुवारी ग्रंथालयात जाते. रंग ओळखायला मदत करते, बाकी वेळ ती तज्ज्ञ काम करताना बघत बसते. रविवारी सकाळी मावशींना फोन असतो. त्या सध्या थकल्या आहेत, फार बोलत नाहीत. मीच बोलते. आज भाजी काय केली, बाहेर थंडी किती आहे, पोरगी काय म्हणते. त्या ऐकतात. फोन ठेवायच्या आधी मी थँक यू म्हणते, आणि त्या दर वेळी विचारतात, "आता कशाबद्दल?" मला नेहमी नवीन काहीतरी सापडतं. गेल्या रविवारी सांगितलं, त्यांनी मला बर्फात गाडी चालवायला शिकवलं होतं त्याबद्दल.